विमानाच्या पोटांतली बॅटरी

पतंगाच्या दिवसांत गच्चीवर जमलेल्या माणसांचे दोन वर्ग सहज पाडतां येतात. पाहणारे पतंगाकडे पाहत असतात. उडविणाऱ्याचें लक्ष मांजाकडे असतें. पाहणाऱ्याला रंग दिसतो, आकार दिसतो, वाऱ्यावरची ती डौलदार झेप दिसते. उडविणाऱ्याला ठाऊक असतें कीं हें सारें वैभव बोटांतून सरकणाऱ्या एका दोऱ्यावर टांगलेलें आहे, आणि त्यांत एखादी गांठ कच्ची राहिली असेल तर तें शेजारच्या आळींत जाऊन पडावयाला क्षणाचाहि विलंब लागणार नाहीं. प्रत्येक छंदांत असा एक मांजा असतो. दर्शनी भागाचें कौतुक सर्वच करतात. ज्याला मांजाची काळजी वाटूं लागली, तो त्या छंदांत मुरला असें समजावें.

गेलीं बारा वर्षें मी रेडिओच्या साह्यानें चालणारीं लहान विमानें उडवीत आलों आहें. प्रौढ गृहस्थाला हा उद्योग शोभतो कीं नाहीं, हा वाद आमच्या घरांत अजून निकालांत निघालेला नाहीं, आणि तो येथें उकरून काढण्याचा माझा विचारहि नाहीं. मला आज बोलावयाचें आहे तें या विमानाच्या पोटांत, फोमच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेल्या बॅटरीविषयीं. तिचें वजन शंभर-सवाशें ग्रॅम. आकार शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन काडेपेट्यांएवढा. मैदानावर येणारे पाहुणे इंजिनाचा आवाज वाखाणतात, पंखांवरच्या रंगांची चौकशी करतात. बॅटरी दाखवा असें म्हणणारा पाहुणा मला अद्याप भेटलेला नाहीं.

ज्यांनीं हीं विमानें जवळून पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. जमिनीवरील माणसाच्या हातांत ट्रान्स्मिटर असतो व विमानांत रिसीव्हर असतो. हातांतल्या दांड्या हलविल्या कीं हवेंतून आज्ञा जाते, रिसीव्हर ती ऐकतो आणि सर्व्हो नांवाच्या चिमुकल्या मोटारींना कळवितो. त्या मोटारी पंखांवरचीं व शेपटीवरचीं पातीं हलवितात. या ऐकण्याला आणि हलविण्याला लागणारी सारी वीज त्या लहान बॅटरींतून येते. इंजिनाची गोष्ट निराळी. तें हवेंत बंद पडलें तरी घाबरण्याचें कारण नसतें. विमान घारीसारखें तरंगत खालीं आणतां येतें. परंतु बॅटरी गेली कीं प्रकार उलटा होतो. इंजिन जोरांत चालूच राहतें, पंख शाबूत असतात, मात्र आज्ञा ऐकणारें कोणी उरत नाहीं. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणारें विमान दर सेकंदाला २० मीटर पुढें सरकतें. आजचे रिसीव्हर म्हणजे लहानसे संगणकच होत. विजेचा दाब सुमारें ३.५ व्होल्टच्या खालीं क्षणभर घसरला तरी त्यांपैकीं कित्येकांची शुद्ध हरपते, आणि मग ते पहिल्यापासून जागे होऊं लागतात. त्या जागे होण्याला तीन सेकंद लागले, तर दोन किलोंचें तें धूड ६० मीटर अंतर धन्यावांचून तोडून गेलेलें असतें. त्या ६० मीटरांत काय असेल आणि कोण असेल, हें कोणी सांगावें?

यंत्राच्या पोटांत बॅटरी ठेवून त्याला दुरून हुकूम सोडण्याची कल्पना विमानाहून जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें तारेशिवाय चालणारी एक लहान नौका लोकांना दाखविली. तिच्या पोटांतहि बॅटऱ्याच होत्या. विमानांच्या बाबतींत अमेरिकेंतील मिशिगन राज्यांतल्या वॉल्टर व विल्यम गुड या भावांचें नांव आदरानें घेतात. त्यांनीं १९३७ सालीं ‘गफ’ नांवाचें आठ फूट पंखांचें विमान रेडिओनें उडविलें, आणि आज तें स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे. त्या काळच्या रिसीव्हरांत काचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठीं दीड व्होल्टची एक बॅटरी, आणि त्याला उंच दाब पुरविण्यासाठीं ४५ किंवा त्याहून अधिक व्होल्टची दुसरी, असा दुहेरी संसार विमानाला पोटांत वागवावा लागे. आपल्याकडे ज्या खेड्यांत वीज पोंचलेली नव्हती, तेथें बॅटरीवरचा जुना रेडिओ ज्यांनीं ऐकला त्यांना ही जोडी आठवत असेल. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढें तो रिसीव्हरांत शिरल्यावर उंच दाबाच्या त्या बॅटरीला विमानांतून कायमची रजा मिळाली.

मग राज्य आलें निकेल-कॅडमियमच्या घटांचें. वॉल्डेमार युंगनर या स्वीडिश संशोधकानें हा घट १८९९ सालींच सिद्ध केला होता. असा एक घट १.२ व्होल्ट देतो. चार घट एकापुढें एक जोडले कीं ४.८ व्होल्ट होतात. आमच्या छंदांत ४.८ हा आंकडा कित्येक वर्षें जो मंत्रासारखा म्हटला जात होता, त्याचें मूळ एवढेंच. हे घट दणकट होते, मागितला तितका प्रवाह देत, हयगयहि सोशीत. पण कॅडमियम विषारी असल्यामुळें युरोपांत २००६ च्या निर्देशानें त्यांच्या वापरावर बंधनें आलीं. त्यांची जागा निकेल-मेटल-हायड्राइड घटांनीं घेतली. यांत सांठा अधिक, परंतु आरंभीं यांना गळतीची खोड फार होती. चार्ज करून फडताळांत ठेवलेली बॅटरी महिन्याभरानें बाहेर काढावी तों तिच्यांतला बराच भाग आपोआप नाहींसा झालेला असे. २००५ पासून ही गळती पुष्कळ कमी केलेले घट मिळूं लागले, आणि ज्याला साधेपणा हवा त्याच्यासाठीं तेच आज सर्वांत निर्धास्त होत.

लिथियमची मंडळी त्यानंतर आली. लिथियम-पॉलिमरचा एक घट ३.७ व्होल्टचा, आणि भरला म्हणजे ४.२ चा. दोन घट जोडले तर ८.४ व्होल्ट होतात. एवढा दाब जुन्या सर्व्होंना मानवत नाहीं, म्हणून मध्यें रेग्युलेटर घालावा लागतो. म्हणजे एक काळजी कमी करावयाची तर दुसरी वाढवावयाची. याहून सौम्य प्रकृतीची म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट. या पदार्थाचा गुण जॉन गुडइनफ यांच्या टेक्ससमधील मंडळीनें १९९७ सालीं प्रसिद्ध केला. याच गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कामाबद्दल २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. बॅटरीसंबंधीं काम करणाऱ्याला दीर्घायुष्य लाभावें हें मला फार समर्पक वाटतें. या प्रकारचे दोन घट ६.६ व्होल्ट देतात, आणि आजचे पुष्कळसे सर्व्हो तेवढा दाब रेग्युलेटरवांचून सोसतात. तरी सर्व्होच्या कागदावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें. यांचा एक स्वभाव मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. यांचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो आणि मग एकाएकीं कोसळतो. हंसतमुखानें दिवाळें लपविणाऱ्या व्यापाऱ्यासारखें हें आहे. नुसत्या चेहऱ्यावरून त्याची स्थिति कळत नाहीं, वह्याच तपासाव्या लागतात.

विकत घेतांना बहुतेक लोक वेष्टनावरचा मोठा आंकडा पाहतात. २००० मिलिअँपिअर-तासांपेक्षां २७०० चांगलें, असा सरळ हिशेब असतो. परंतु हौद मोठा असणें आणि नळ मोठा असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. विमान सरळ जात असतांना सर्व्हो थोडी वीज घेतात. वाऱ्याच्या झोतांत चार-पांच सर्व्हो एकदमच नेटानें काम करूं लागले कीं प्रवाहाची मागणी क्षणांत कित्येक पटींनीं वाढते. त्या क्षणीं नळ बारीक असेल तर हौद भरलेला असूनहि दाब पडतो. त्याच आकारांत अधिक सांठा कोंबलेले घट बहुधा आयुष्यानें कमी भरतात. म्हणून आंकडा थोडा लहान असला तरी चालेल, पण घट नांवाजलेले असावे, पट्ट्या वितळवून पक्के जोडलेले असावे. स्प्रिंगच्या डबींत बसविलेले घट इंजिनाच्या थरथरीनें केव्हां सुटे होतील याचा नेम नसतो. तारा व जोडण्या यांचीहि तीच गोष्ट. जुन्या निकेलच्या बॅटरीची काळी तार कधीं कधीं आंतून खरोखरच काळी पडते, आणि वरून ती धडधाकट दिसत असते.

चार घट कीं पांच, हा आमच्यांतला जुना वाद. पांचांचे ६ व्होल्ट होतात, सर्व्हो चपळ होतात, पण वीजहि जास्त खातात. मला स्वतःला पांचांच्या बाजूचें एकच कारण पुरेसें वाटतें. निकेलचा घट मरतो तेव्हां तो पुष्कळदां आंतल्या आंत जुळून जातो. रस्ता अडवीत नाहीं, केवळ आपला वांटा देईनासा होतो. चारांतला एक असा गेला तर ३.६ व्होल्ट उरतात, म्हणजे विमान मरणाच्या उंबऱ्यावर येतें. पांचांतला एक गेला तरी ४.८ उरतात आणि घरीं परततां येतें. एकत्र कुटुंबाचें याहून चांगलें समर्थन मीं ऐकलेलें नाहीं. विजेच्या मोटारीवर उडणाऱ्या लहान विमानांना ही वेगळी बॅटरी लागतच नाहीं. मोटारीच्या मोठ्या बॅटरींतूनच बीईसी नांवाची एक लहानशी योजना रिसीव्हरला वांटा काढून देते. सोय मोठी खरी, पण त्या योजनेची ताकद सर्व्होंच्या मागणीला पुरेशी आहे कीं नाहीं, हें तेथेंहि पाहावेंच लागतें.

निवड ही एका दिवसाची गोष्ट. वापर हा रोजचा संसार. माझ्या मतें त्याला तीन साधनें पुरतात: चांगला चार्जर, भारासह मोजणारा मीटर आणि एक वही. प्रत्येक जातीचा घट त्याच्या त्याच्या रीतीनेंच भरावा. निकेलची २००० ची बॅटरी २०० मिलिअँपिअरवर रात्रभर, चौदा ते सोळा तास, सावकाश भरणें ही जुनी आणि सुरक्षित पद्धति. लिथियमला निकेलच्या रीतीनें भरणें म्हणजे आगीला आमंत्रण. तिला भरतांना एकटी सोडून बाजाराला जाऊं नये. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत कोणतीहि बॅटरी ठेवूं नये. वहीचा उपयोग असा: दहा दहा मिनिटांचीं सहा उड्डाणें झालीं आणि परत भरतांना चार्जरनें ६०० मिलिअँपिअर-तास दाखविले, तर दर उड्डाणाला १०० खर्च झाले. २००० पैकीं निम्म्याहून अधिक खर्चावयाचे नाहींत असा नियम ठेवला, तर दहा उड्डाणांनंतर गोडीनें घरीं जावें. आणि वर्षांतून एकदां बॅटरी पूर्ण भरून, मोजून रिती करावी. वेष्टनावरील आंकड्याच्या ऐंशीं टक्केहि ती देत नसेल, तर तिला विमानाच्या नोकरींतून मुक्त करावें.

हें सर्व कागदावर सोपें आहे. तें कठीण कोठें होतें, हें मीं आमच्या मैदानावर पाहिलें.

पुण्याबाहेरच्या ज्या माळावर आम्ही जमतों, तेथें एक वृद्ध गृहस्थ येतात. मुलें त्यांना आजोबा म्हणतात. चाळीस वर्षें त्यांनीं विमानें उडविलीं. आतां दृष्टि मंदावली आहे, दूर गेलेलें विमान उजवीकडे वळलें कीं डावीकडे हें त्यांना दिसत नाहीं, म्हणून त्यांनीं आपण होऊन उडविणें सोडलें. परंतु रविवार चुकत नाहीं. बाभळीच्या विरळ सावलींत खुर्ची टाकून ते बसतात, आणि ज्याला त्याला हांक मारून त्याची बॅटरी तपासतात. त्यांच्या मीटरला एक भार जोडलेला आहे. कळ दाबली कीं बॅटरीला एक अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. त्यांच्या हुकमावांचून विमान उडवूं नये असा लेखी नियम नाहीं, तरी तो कोणी मोडीत नाहीं.

माझा भाचा त्या वेळीं सोळा वर्षांचा होता. पांच महिने खपून त्यानें बाल्साच्या लांकडाचें विमान तयार केलें होतें. इंजिन, सर्व्हो यांत खाऊचे व बक्षिसाचे सारे पैसे संपले. बॅटरी तेवढी एका मित्राकडून मिळालेली, तीन वर्षांची जुनी होती. पहिल्या उड्डाणाच्या सकाळीं त्यानें ती आजोबांपुढें ठेवली. मीटरनें ५.३ व्होल्ट दाखविले. मुलाचा चेहरा खुलला. आजोबांनीं कळ दाबली, कांटा ४.७ वर आला, ४.५ वर आला, आणि पांच सेकंदांत ४.३ वर उतरला.

“ही नाहीं चालायची, बाळ,” ते म्हणाले.

“पण आजोबा, आधीं तर ५.३ होते!”

“बसल्या जागीं सगळेच पैलवान असतात. ओझें डोक्यावर दिल्यावर कळतें.”

मुलानें माझ्याकडे पाहिलें. “मामा, तुम्ही तरी सांगा ना. एकच उड्डाण करतों. पांच मिनिटें. तेवढी टिकेलच कीं.”

खरें सांगावयाचें तर ती पांच मिनिटें बहुधा टिकलीहि असती. मोडलें असतें तर त्याचेंच विमान मोडलें असतें, असेंहि कोणी म्हणेल. मी कांहीं बोलण्याच्या आधींच आजोबांनीं काठीनें माळाच्या कडेला बोट दाखवावें तसें दाखविलें. तेथें चार बाया वाकून गवत कापीत होत्या, आणि त्यांचीं दोन पोरें शेळ्यांमागें धांवत होतीं.

“माझी हरकत नाहीं,” ते शांतपणें म्हणाले. “फक्त तेवढें जाऊन त्यांना विचारून ये. सांग, या बॅटरीचा मला भरंवसा नाहीं, पांच मिनिटें तुमच्या डोक्यावर उडवूं कां? त्या हो म्हणाल्या तर उडव.”

मुलगा बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानें पंख उतरविले आणि विमान मोटारींत ठेवलें. घरीं पोंचेपर्यंत तो एक शब्दहि बोलला नाहीं, आणि मींहि त्याची समजूत काढण्याच्या भरीस पडलों नाहीं. कांहीं दुःखें समजूत काढल्यानें लहान होतात, आणि तीं लहान होऊं नयेत असें वाटतें. नवी बॅटरी घेऊन देण्याची माझी तयारी होती. ती त्यानें नाकारली. तीन आठवडे त्यानें शेजारच्या मुलांना गणित शिकविलें, पांच घटांची बॅटरी आणली, आणि चौथ्या रविवारीं विमान उडविलें. उड्डाणापूर्वीं आजोबांच्या मीटरची कळ त्यानें स्वतःच दाबली, आणि कांटा स्थिर राहिलेला पाहून मग माळाच्या कडेकडेहि एकदां पाहिलें. त्या दुसऱ्या पाहण्याचा मला जो आनंद झाला, तो विमान जमीन सोडून वर गेलें तेव्हांच्या आनंदाहून अधिक होता.

आमचा हा छंद खर्चाचा आहे, रिकामपणाचा आहे, असे आक्षेप मला रोज ऐकूं येतात, आणि त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु आपल्या हौसेचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर किती पडतो, हें मोजून पाहण्याची संवय जर एखादा छंद लावीत असेल, तर तो अगदींच वायां गेला असें म्हणवत नाहीं. आपली शक्ति विश्रांतीच्या वेळीं मोजून आपण किती मोठाले बेत करतों! वर्षारंभीं केलेले संकल्प, लग्नमंडपांत दिलेलीं वचनें, निवडणुकीच्या सभेंतलीं भाषणें, सारींच बिनभाराच्या मीटरवर ५.३ दाखवितात.

नाकारलेल्या त्या जुन्या बॅटरीचें काय झालें, असें कोणी विचारील. ती कचऱ्यांत टाकण्याची वस्तु नव्हे. अशा बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावावी असे नियमहि आपल्याकडे २०२२ पासून आहेत. पण तिची ती वेळ अजून यावयाची होती. आजोबांनीं ती मागून घेतली, घट सोडवून एकेक तपासला. एक अगदींच निकामी निघाला. उरलेले तीन एक अँपिअरपुढें टिकत नसत, पण थोड्या प्रवाहाला अजून चांगले होते. त्यांवर त्यांनीं एक लहानसा एलईडी दिवा जोडला. रात्रीं उठावें लागलें म्हणजे त्यांच्या खोलींत तो अद्याप जळतो, असें ते सांगतात. आकाशांत नेण्याजोगी ती राहिली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला पाण्याच्या तांब्यापर्यंत वाट दाखविण्याइतका उजेड तिच्यांत पुष्कळ होता.